लहान होत गेलेली सही

अंधेरीतील बँक शाखेत असताना एका वृद्ध खातेदाराचा धनादेश मी परत केला होता. नमुना स्वाक्षरी ठसठशीत. धनादेशावरची मात्र मुंगीएवढी, शेवटाकडे अधिकच बारीक होत गेलेली. काका खजील होऊन म्हणाले, "सही माझीच आहे हो!" नियम माझ्या बाजूने होता. काही महिन्यांनी कळले की त्यांना पार्किन्सन झाला होता.

अक्षर बारीक होत जाणे हे या विकाराचे एक लक्षण. हात थरथरण्यापूर्वीही ते दिसू शकते. मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचाली मंदावतात. या पेशींत 'अल्फा-सायन्यूक्लीन' या प्रथिनाचे पुंजके साचतात, हे १९९७ मध्ये उघड झाले. त्यांना रोखू पाहणारी औषधे आज चाचण्यांत आहेत. ऱ्हास थांबवणारे औषध मात्र अद्याप हाती नाही.

तरीही रुग्ण असहाय नाही. लेव्होडोपामुळे हालचाली पुष्कळ सुधारतात. हेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात असते. त्यावरील उपचाराचा अभ्यास मुंबईच्या संशोधकांनी १९७८ मध्येच प्रसिद्ध केला होता. मात्र गोळ्या सुरू असताना डॉक्टरांना न विचारता हे चूर्ण घेऊ नये. मात्रा अधिक होण्याचा धोका असतो.

वाचकहो, घरातील ज्येष्ठांची जुनी व नवी सही एकदा शेजारी ठेवून पाहा. फरक वयामुळेही असू शकतो. तरी मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्या. त्या दिवशी दोन्ही सह्या माझ्यासमोर होत्या. काकांना मात्र मी "प्रकृती बरी आहे ना?" एवढेही विचारले नाही.