एक फॉरवर्ड, किती वर्षं? मुलांच्या शोषणाच्या व्हिडिओंची शिक्षा कशी ठरते

परवा संध्याकाळी जेसल पार्क चौपाटीवर बसलो होतो. मित्र सांगत होता, त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका लहान मुलीवरच्या अत्याचाराची क्लिप आलीय. खाली लिहिलंय, 'हा नराधम पकडला जाईपर्यंत शेअर करा.' आणि लोकांनी केलीही! राग खरा आहे हो. पण कोर्ट याकडे कसं बघतं?

आपल्या भागातला असा खटला ठाण्याच्या विशेष पॉक्सो कोर्टात जातो. शिक्षेची पहिली चौकट कायदाच आखतो. मी कोडिंगवाला, मला ती इफ-एल्ससारखी दिसते. आधी प्रश्न: तुम्ही केलंत काय?

शेअर करायच्या हेतूने ठेवलं, डिलीट केलं नाही, कळवलंही नाही? पॉक्सो कलम १५, पहिल्या वेळी किमान ५,००० रुपये दंड. पसरवण्यासाठी ठेवलं? ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धंद्यासाठी? ३ ते ५ वर्षं कैद, दंड किंवा दोन्ही. मुलाला वापरून असं काही बनवलं? कलम १४, किमान ५ वर्षं. त्याखाली न्यायाधीशही जाऊ शकत नाहीत.

'म्हणजे ठेवलं तर फक्त दंड?' थांबा. आयटी कायद्याचं कलम ६७ब आहे. त्यात शोधणं, डाउनलोड करणं, पाठवणं सगळं येतं. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. एकच कृत्य दोन्ही कायद्यांत बसलं, तर जास्त असेल ती शिक्षा.

चौकटीच्या आत मात्र न्यायाधीश ठरवतात. दोषी ठरल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते. मूल किती लहान होतं, धमकी होती का, किती दिवस चाललं, आरोपीचा पहिलाच गुन्हा आहे का, हे सगळं बघितलं जातं. इंग्लंडमध्ये चित्रांच्या अ, ब, क अशा श्रेणी पाडून शिक्षेचा तक्ता केलाय. आपल्याकडे तसा तक्ता नाही.

२०२४ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टाने फोनमध्ये असे व्हिडिओ ठेवणाऱ्यावरचा खटला रद्द केला होता. २३ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. नुसतं बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हेतू परिस्थितीवरून ओळखता येतो, असं सांगितलं. शिवाय याला 'पॉर्न' म्हणू नका, असंही बजावलं. बरोबरच आहे. तो एका मुलावर झालेल्या गुन्ह्याचा पुरावा आहे.

आणि एआयने बनवलेला, हुबेहूब मूल वाटणारा फोटो? २०१९ च्या दुरुस्तीपासून तोही यात येतो.

आता त्या ग्रुपकडे वळू. पसरवण्याच्या कलमात सूट दोनच गोष्टींना आहे: रीतसर कळवणं आणि कोर्टात पुरावा देणं. 'राग आला म्हणून' ही सूट नाही. आणि प्रत्येक फॉरवर्डमागे ती मुलगी पुन्हा एकदा उघडी पडते.

म्हणून पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, वेळ लिहून घ्या. सायबरक्राइम पोर्टलवर किंवा पोलिसांकडे कळवा. पोर्टलवर नाव न देताही तक्रार होते. मूल धोक्यात असेल तर १०९८. क्लिप कुणालाच पाठवू नका, अगदी 'बघ काय आलंय' म्हणूनसुद्धा.

मित्राने तिथेच बसून तक्रार भरली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.