येळवशीची भज्जी

‘तुमच्या आयुष्यातलं सगळ्यांत लक्षात राहिलेलं जेवण कोणतं?’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं भेटेल त्याला विचारत आले आहे. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एका निवृत्त एसटी चालकांनी सांगितलं, घाटात दरड कोसळून गाडी रात्रभर अडकली होती, तेव्हा खालच्या वाडीतल्या बायकांनी पाटीभर भाकरी आणि पिठलं आणून दिलं, ते. शेजारच्या काकूंना बाळंतपणानंतर आईनं भरवलेला तूप-मेतकूट भात आठवतो. एका वारकरी आजोबांना वाखरीच्या तळावर भर पावसात उभ्यानं खाल्लेली खिचडी. पंचतारांकित हॉटेल किंवा लग्नातल्या बुफेचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. आणि समोरचं माणूस लातूर-धाराशिवकडचं असेल, तर ते क्षणभरही विचार करत नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं: येळवस!

इतिहासात गाजलेल्या पंगती काही कमी नाहीत. सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणविसांनी काढलेली बंदोबस्ताची याद आजही अभ्यासक आवडीनं वाचतात. १८७० साली पॅरिसला वेढा पडला असताना तिथल्या एका रेस्तराँनं नाताळच्या जेवणात प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीचं सूप वाढलं होतं. १९७१ साली इराणच्या शहानं पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांशेजारी तंबू ठोकून जगभरच्या राजेरजवाड्यांना मेजवानी दिली. आठवणींच्या शास्त्राबद्दलही सांगण्यासारखं आहे. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोचतो, म्हणून फोडणीच्या एका वासासरशी तीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर उभं राहतं. पण हे सगळं इतरत्र वाचायला मिळेल. मला लिहायचं आहे ते येळवशीबद्दल.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. इंग्रजी तारखेनं ती डिसेंबरच्या उत्तरार्धात नाहीतर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. २०२४ साली तर ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. लातूर, धाराशिव, सोलापूरचा पूर्वेकडचा भाग आणि पलीकडे कर्नाटकातले बीदर, कलबुर्गी, विजयपूर हे तिचे जिल्हे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यांची फेररचना झाली, सीमारेषा ओढली गेली, पण कर्नाटकातल्या भालकीच्या शिवारात आणि निलंग्याच्या शिवारात एकाच दिवशी तीच भज्जी शिजते. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला या सणाची गंधवार्ताही नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी स्वतः पुण्यात वाढले आणि लग्न होऊन औसा तालुक्यात जाईपर्यंत हे नाव मी ऐकलंसुद्धा नव्हतं.

सासरी पहिली येळवस आली तेव्हा मला वाटलं होतं, अमावस्या आहे, काहीतरी उपास-तापास असेल. आदल्या दिवशी दुपारीच आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओसरीवर घोंगडं अंथरलं आणि शेंगांचे ढीग ओतले. तूर, वाल, वाटाणा, ओला हरभरा. घरातल्या सगळ्या बाया, शेजारच्या दोघी, शाळेतून आलेली पोरं, सगळे शेंगा सोलायला बसले. तुरीच्या शेंगा सोलताना नखांच्या कडा काळपट हिरव्या होतात आणि हरभऱ्याच्या घाट्यांवरची खार बोटांना लागून ती आंबट होतात. पोरं अधूनमधून बोटं चोखत होती. ‘अठरा तरी लागतेत बघ,’ आत्याबाई म्हणाल्या. अठरा जिनसा कशा, म्हणून मी मोजायला लागले आणि थोड्या वेळानं मोजणं सोडून दिलं, कारण कुणी ना कुणी पदरातून आणखी काहीतरी आणून टाकतच होतं.

आता भज्जी. हा शब्द वाचून कांदाभजी डोळ्यांसमोर आली असतील तर ती आधी बाजूला ठेवा. इथं तळणीचा काही संबंध नाही. भज्जी म्हणजे शिवारात त्या आठवड्यात जे जे हिरवं आणि कोवळं आहे ते सगळं एका पातेल्यात, बेसनानं बांधलेलं. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे आणि शेंगदाणे आधी उकडून घेतात. मेथी, पालक, चुका, चाकवत, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला बारीक चिरतात. गाजराचे, वांग्याचे तुकडे. चिंच. आणि बोरं, बांधावरच्या बोरीची, आख्खी, बियांसकट. मोठ्या पातेल्यात तेल तापलं की हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा पडतो. लसूण इथं मुठीनं घालतात, पाकळ्या मोजून नाही. मग पालेभाज्या, मग दाणे, आणि शेवटी पाण्यात कालवलेलं डाळीचं पीठ. तिथून पुढे अर्धा तास ढवळणाऱ्याच्या दंडाची परीक्षा असते. पीठ खाली लागता कामा नये, गुठळी होता कामा नये. आमच्याकडे हे काम थोरल्या जाऊबाईंचं. पदर खोचून, दोन्ही हातांनी उलथनं धरून त्या पातेल्याभोवती अक्षरशः फिरतात. रंग आधी पोपटी असतो, मग पिवळट हिरवा होतो, आणि भज्जी कडेनं सुटायला लागली की चुलीतली लाकडं मागं ओढायची.

ती खाताना काय होतं ते सांगते. पहिल्या घासाला लसूण आणि मिरची. मग दातांखाली वालाचा दाणा येतो, थोडा कडसर. मग तुरीचा, गोडसर. चुक्याचा आंबटपणा सगळ्याच्या मागे उभा असतो. आणि चार-पाच घासांनंतर अचानक एक बोर सापडतं. शिजून मऊ झालेलं, साल सुरकुतलेली, आत बेसन आणि लसूण मुरलेला. ते तोंडात घोळवायचं, गर संपला तरी बी चोखत राहायचं. बोराशिवायची भज्जी मी दुसऱ्या घरी खाल्ली आहे. त्या घरच्या माणसांचा मान राखून सांगते, ती माझ्या लेखी अर्धीच भज्जी होती.

भज्जीबरोबर बाजरीचे उंडे. मीठ घालून मळलेल्या बाजरीच्या पिठाचे गोळे वाफवून काढतात. ताटात उंडा हातानं फोडायचा, मध्ये खळगा करून त्यात भज्जी घालायची आणि वरून कच्चं तेल. पूर्वी ते हमखास करडईचं असे. शिवाय ज्वारीच्या आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ताकातला आंबट भात, शेंगदाण्याच्या पोळ्या, गुळातली गव्हाची खीर. ही खीर खपली गव्हाची असेल तर त्यात साखर घालण्याचा विचारही कुणी करू नये.

आणि आंबील. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी शिजवून गार करतात, त्यात ताक, वाटलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर घालून ते मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवतात. रात्रीच्या गारठ्यात ते हळूहळू आंबतं. सकाळी मडक्याच्या बाहेरच्या बाजूला ओल आलेली असते आणि झाकण काढलं की ताकाचा नि लसणाचा वास अंगावर येतो. हे मडकं नवं लागतं. त्याला चुन्याचे पट्टे ओढतात, गळ्याला पानं बांधतात आणि घरची कर्ती बाई ते डोक्यावर घेऊन शेताकडे निघते. आत्याबाईंनी ते अनेक वर्षं कुणाला घेऊ दिलं नाही. गुडघे दुखायला लागल्यावरसुद्धा बैलगाडीत बसून मांडीवर त्यांनीच धरलं.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर एकत्र बांधून कोप केलेली असते. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. वर शाल पांघरतात. पूजा, नैवेद्य, आणि मग दोघं-तिघं आंबील घेऊन पिकातून निघतात. पुढचा शिंपडत जातो, मागचे ठेक्यात आरोळी देत जातात. याला चर शिंपणं म्हणतात. ज्वारी डोक्याच्याही वर गेलेली असते, त्यामुळे माणसं दिसत नाहीत. कणसं हलतात आणि आवाज पुढे पुढे सरकतो. ज्या काळ्या रानानं हे सगळं दिलं, त्याला आधी वाढायचं आणि मग आपण बसायचं, एवढा या पूजेचा सरळ अर्थ मला दिसतो. मला पूजाअर्चेचं फारसं वेड नाही, पण ही पूजा मी मनापासून करते.

मग पंगत. इथं या जेवणाची खरी रीत सुरू होते. येळवशीला बांधावरून जाणारा माणूस न जेवता पुढे जाऊ शकत नाही. ‘कुठं निघालाव? बसा की, दोन घास खाऊन जावा.’ ओळख असो, नसो. जात-धर्म कुणी विचारत नाही. ज्यांना शेत नाही त्यांना आठवडाभर आधीच आवतन गेलेलं असतं. आमच्या दिरांचा एक शिंपी मित्र आहे, मुसलमान, औशाला दुकान आहे. तो बायकामुलांसह येतो आणि कोपीसाठी पेंढ्या बांधायलाही तोच पुढे असतो. सकाळच्या एसट्या, टमटम, मोटारसायकली सगळ्या गावांकडे धावत असतात. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि दुपारी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात.

थोडं आडवाटेला जाते. रायगड जिल्ह्यात याच दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, हवं तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरतात, वर पुन्हा पाला कोंबतात. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, लाकडं पेटवतात. अलिबागजवळ मी ती खाल्ली, आणि भांबुर्ड्याचा तो उग्र वास हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत होता. सोलापूर-अहिल्यानगरकडचा हुरडाही असाच. आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजून गरम गरम हातावर चोळायची, दाणे सुपात पाखडायचे, लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. दाण्यातला चीक घट्ट व्हायला लागला पण दाणा अजून कोवळा आहे, अशा मोजक्या दिवसांतच हुरडा खायचा असतो. तिन्हीकडे गोष्ट एकच आहे. रानातल्या त्या दोन आठवड्यांनी पदार्थ ठरवलेला असतो, आणि तो शिजतो-खाल्ला जातो तिथंच, जिथं तो उगवला. लोकांच्या मनात आयुष्यभर राहणारी जेवणं बहुतेक याच जातीची असतात, असं इतकी उत्तरं ऐकून माझं मत झालं आहे.

म्हणूनच शहरातली ‘येळवस स्पेशल थाळी’ मला पटत नाही. एका शहरी हॉटेलात मी ती मोठ्या आशेनं मागवली. फ्रीजमधले गोठवलेले वाटाणे, मक्याचे दाणे आणि भरपूर लाल तिखट! मक्याचा आणि भज्जीचा काय संबंध?

गावातही सगळं जिथल्या तिथं राहिलेलं नाही. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि पसरलं. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा, हे गणित शेतकऱ्याला परवडतं आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण ज्वारी कमी झाली, म्हणजे कोपीचा कडबा कमी झाला. करडई तर शोधावी लागते. काढणीला काटे बोचतात, मजूर मिळत नाहीत. बांध कोरून कोरून इतके अरुंद झाले की बोरीला जागा उरली नाही. आमच्या शिवारात जुनी बोर एकच आहे, आणि येळवशीच्या आधी चार घरची पोरं तिथं पिशव्या घेऊन जातात.

जानेवारी २०१६ ची येळवस मी विसरणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. रब्बीची पेरणीच झाली नव्हती. रान काळं, भेगाळलेलं. आमच्यातल्या कुणीतरी म्हटलं, यंदा घरीच करू. आत्याबाईंनी ऐकून घेतलं नाही. लातूरच्या बाजारातून मेथी, पालक, वाटाणे विकत आणले, गेल्या सालच्या तुरी भिजवल्या, आंबील पातळ केली आणि त्या मोकळ्या रानात कोप उभी राहिली. चर शिंपायला पीक नव्हतं, तर दिरांनी ढेकळांवर आंबील शिंपली. भज्जीत बोरं तेवढी आपली होती, कारण त्या जुन्या बोरीनं त्या सालीही फळ धरलं होतं. चवीला ती भज्जी काही खास नव्हती. तरी माझ्या मुलीला कुणी हा लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न विचारला तर ती त्या वर्षाची येळवस सांगते.

कुणाला जायचं असेल तर बेत आत्ताच करा. पंचांगात मार्गशीर्ष अमावस्या पाहा आणि लातूर-धाराशिवकडचा एखादा मित्र, सहकारी, वसतिगृहातला जुना सोबती शोधून काढा. आवतन मागायला लाजू नका, त्यांना आनंदच होईल. दुपारी बाराच्या आत शिवारात पोचा. सकाळी न्याहारी करू नका. आंबील जेवणाच्या अधेमध्ये प्या, नाहीतर तिसऱ्या घरच्या आग्रहाला तोंड देता येणार नाही, आणि तीन घरी तरी जेवावं लागतंच. निघताना डबा भरून देतील, तो घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तवा चांगला तापवून, चमचाभर तेलावर भज्जी पसरून खालून खरपूस होऊ द्या, आणि शिळ्या ज्वारीच्या भाकरीबरोबर खा. आमच्या घरातले निम्मे लोक म्हणतात की ताज्या भज्जीपेक्षा ही चांगली लागते. मी त्या निम्म्यांत आहे.