जाजमाखालची फळी

काशीचा एक घाट पूर्वी राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांचे नाव मिरवीत असे. पावसाळ्यात गंगा तेथील पायऱ्या गिळते. पूर ओसरला की दगड पुन्हा धुऊन निघतो. नावेच्या लाकडाला मात्र ही सवलत नाही. त्यावर अंथरलेले जाजम ओल धरते, वारा अडविते आणि खालची फळी गुपचूप कुजते. वरून सारे शोभिवंतच दिसते. चाकांवरील फिरत्या घराचीही हीच गत. म्हणून जीर्ण गालिचा काढताच नवा अंथरू नये. प्रथम गळती शोधावी, फळी पूर्ण वाळू द्यावी, दाभण टोचून पाहावे, मऊ लागेल तो भाग बदलावा. मग सहज उचलून उन्हात टाकता येईल अशी चटई घालावी. पाहुण्यांना शोभा दिसते. त्यांचा भार मात्र फळीच वाहते.