शिकावं, पण तोल न सोडता

१५ नोव्हेंबर १९६७. कॅलिफोर्नियातल्या वाळवंटावर ‘एक्स-१५’ हे रॉकेट-विमान हवेतच मोडलं आणि वैमानिक मायकेल ॲडम्स यांचा मृत्यू झाला. ८१ किलोमीटर उंची गाठून परतताना विमान गिरक्या घेऊ लागलं होतं. ॲडम्स यांनी ते त्यातून सावरलंही. पण मग नियंत्रण यंत्रणाच विमानाला वेगाने खाली-वर हिंदकळवू लागली. ही यंत्रणा ‘अनुकूली’ होती, म्हणजे परिस्थिती पाहून आपला जोर स्वतःच कमी-जास्त करणारी. हवा दाट होत गेली तसा तो जोर उतरायला हवा होता. हेलकाव्यांमुळे तो उतरलाच नाही.

तरीही अनुकूली नियंत्रण टाळता येत नाही. विमान, ड्रोन, रोबोचा हात यांची समीकरणं कागदावर कधीच पुरी उतरत नाहीत. वारा बदलतो, सांधे झिजतात आणि जोर दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. समीकरणातला हा अज्ञात भाग न्यूरल नेटवर्कला शिकू द्यावा, या कल्पनेला येल विद्यापीठातले कुंपती नरेंद्र आणि पार्थसारथी यांच्या १९९० मधल्या शोधनिबंधाने मोठी चालना दिली.

पण शिकणारं यंत्र सुरुवातीला चुकणारच, आणि उडत्या यंत्राला चुकायला फारशी सवड नसते. इथे मदतीला येतं रशियन गणितज्ञ अलेक्झांडर ल्यापुनोव यांचं १८९२ मधलं काम. वाडग्यात सोडलेली गोटी घरंगळत तळाशीच येते. तशी चूक किती आहे हे सांगणारी एक राशी निवडायची आणि ती घटतच राहील असा शिकण्याचा नियम त्या राशीवरूनच काढायचा. नेटवर्कचा अंदाज तंतोतंत नसल्याने चूक बहुधा शून्यावर येत नाही, पण ठरलेल्या हद्दीत राहते. अर्थात, ज्या परिस्थितीसाठी नेटवर्कचा अंदाज पुरेसा चांगला आहे, तिच्यापुरतीच ही हमी.

कॅल्टेकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या ‘न्यूरल-फ्लाय’ पद्धतीत हे शहाणपण दिसतं. अवघ्या १२ मिनिटांच्या उड्डाणांच्या नोंदींवरून नेटवर्क आधीच शिकवून ठेवलं. वाऱ्यात उडताना ड्रोन आख्खं नेटवर्क बदलत नाही; शेवटच्या थरातले मोजके गुणांक तेवढे जुळवून घेतो. बदल इतका आटोपशीर ठेवल्यामुळेच स्थैर्याची सिद्धता देता येते.

म्हणून एखादं यंत्र ‘स्वतः शिकतं’ असं कुणी सांगितलं, की लगेच विचारावं: शिकत असताना त्याची चूक जास्तीत जास्त किती वाढेल, हे कुणी सिद्ध केलंय का?