एका डॉलरची जाळी

दोंडाईचा हे धुळे जिल्ह्यातले मिरचीच्या बाजारपेठेचे गाव. तिथले ग्रामीण शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त एक निबंध प्रसिद्ध केला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत कंपनीच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरता येते, असे त्यांनी अनुभवांती मांडले. गरीब देशांत शस्त्रक्रिया महाग का पडते आणि ती आवाक्यात कशी आणता येईल, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

हर्निया, म्हणजे अंतर्गळ, कष्टकऱ्याच्या पोटावर पाय देतो. जांघेतली स्नायूंची भिंत कमजोर होते, आतडे पुढे सरकते, पोती उचलणे अवघड होऊन बसते. आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर माणूस दगावतो. जगात दरवर्षी जांघेच्या हर्नियाच्या सुमारे २ कोटी शस्त्रक्रिया होतात. पूर्वी स्नायू ओढून शिवत. त्या ताणामुळे हर्निया पुन्हा उद्भवण्याची भीती राही. जाळी बसवली की ताण पडत नाही, म्हणून श्रीमंत देशांत तीच पद्धत रूढ झाली. गरीब देशांतल्या रुग्णाच्या वाट्याला मात्र बहुधा जुनी शिवणच आली, कारण जाळी परवडत नव्हती.

मच्छरदाणीच्या कापडाची कसून परीक्षा झाली ती पूर्व युगांडात. स्वीडन आणि युगांडातल्या संशोधकांनी ३०२ पुरुषांवर शस्त्रक्रिया केल्या. कोणाला कोणती जाळी बसवायची, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. कंपनीची जाळी सुमारे १२५ डॉलरची, तर तमिळनाडूतल्या करूरहून आणलेले कापड एका डॉलरहूनही स्वस्त. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया उलटला, महागड्या गटात कोणाचाही नाही. जखमेच्या तक्रारी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच होत्या.

अर्थात, दुकानातली कुठलीही मच्छरदाणी कापून चालत नाही. कीटकनाशक लावलेली तर मुळीच नको. धागा कोणत्या प्लास्टिकचा, छिद्रे किती बारीक, हे तपासावे लागते. कापड ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेने निर्जंतुक करतात. तापमान त्याहून फार चढले तर ते आकसते. युगांडात जांघेपुरती भूल देऊन काम भागले, भुलीच्या महागड्या यंत्राची गरज पडली नाही. इथे स्वस्ताई झाली ती वस्तूच्या किमतीत. शिस्तीत तसूभरही कपात नव्हती.

शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसांच्या बाबतीतही असाच प्रयोग झाला. सिएरा लिओनमध्ये डॉक्टर नसलेल्या, पण शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी जाळी बसवून हर्निया दुरुस्त केले. २०२१ च्या अहवालानुसार वर्षभरात त्यांच्या रुग्णांत हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण ०.९ टक्के होते, तर डॉक्टरांच्या रुग्णांत ६.९ टक्के. जिथे सर्जन मिळणेच दुरापास्त, तिथे या आकड्यांचे मोल फार मोठे आहे.

तरीही जाळी हा खर्चाचा एक तुकडा झाला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ मध्ये सांगितले की ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. आयोगाच्याच हिशेबाने दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक शस्त्रक्रियेच्या बिलापायी कंबरडे मोडणाऱ्या खर्चात सापडतात. आणखी ४ कोटी ८० लाख लोकांवर तीच वेळ येते ती प्रवास, मुक्काम, जेवणखाण अशा वैद्यकीय नसलेल्या खर्चामुळे. यांतल्या अनेकांसाठी रुग्णालयाने बिल माफ केले तरी गाडीभाडे उरतेच. शिवाय रुग्णाचा रोज बुडतो आणि सोबत आलेल्याचाही बुडतो.

म्हणून ‘मोफत शस्त्रक्रिया’ ही घोषणा ऐकली की दोन गोष्टी विचाराव्यात. तालुक्याच्या रुग्णालयात वीज, पाणी, ऑक्सिजन आणि भूल देणारा माणूस कायम असतो का? आणि रुग्णाच्या प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा हिशेब योजनेत धरला आहे का? जाळीचा खर्च एका डॉलरवर आणता येतो, हे डॉक्टरांनी करून दाखवले. उरलेला खर्च उचलणे ही सरकारांची जबाबदारी आहे आणि ती त्यांच्याकडून वसूल करून घेणे ही आपली.