सातबाऱ्यावर नाव नसलेले वारस

मृत्युपत्राचा विषय निघाला की घरातली वडीलधारी माणसे कानावर हात ठेवतात. "अजून हातीपायी धड आहे, आताच कशाला मरणाच्या गोष्टी?" असे म्हणून विषय बाजूला सारतात. मग एक दिवस माणूस जातो, तेरावा उरकतो आणि चौदाव्या दिवशी भावाभावांत बांधावरून बोलाचाली सुरू होते. प्रत्येक गावात अशी चार-दोन घरे असतातच. तेव्हा वाचकहो, मृत्युपत्र लिहिले म्हणून कुणी मरणाला आवतण देत नाही. आपल्या माघारी घर एकोप्याने राहावे म्हणून केलेली ती तजवीज असते.

आज मृत्युपत्राविषयी लिहायचे ते मात्र एका निराळ्या कारणाने. मुलगा, मुलगी, घरधनीण या सर्वांचे वाटे लिहून झाल्यावर त्या कागदावर आणखी एक ओळ लिहिता येते. ती ओळ रानातल्या जिवांसाठी. गवा, सांबर, शेकरू, धनेश यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. पण आपण कुदळ मारण्याच्या आधीपासून ते या मुलखात राहत आले आहेत.

दान आपल्याला नवे नाही

मरणोत्तर दान ही साहेबांची किंवा शेठ-सावकारांची रीत, असे कुणी समजू नये. आपल्या देवळांच्या आवारात, वेशीवर जुने दानाचे दगड दिसतात. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली दानाचा मजकूर. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. काही दगडांवर तर दान मोडणाऱ्याला शापही कोरलेला असतो. शिलाहार राजांच्या काळापासून ही चाल कोल्हापूरच्या मुलखात आहे.

आणि देवराई तरी काय आहे? कोणा एका पिढीने देवाच्या नावाने रान सोडले, त्यातली काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक घातला, आणि तो पुढच्या पिढ्यांनी पाळला. शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत अजून अशी राने उभी आहेत. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवराईतला झरा उन्हाळ्यातही वाहतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्या पूर्वजांनी कागद केला नव्हता. आज कागदाचे युग आहे, म्हणून कागद करायचा, एवढाच फरक.

राजाने राखलेले रान

राधानगरी-दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूर दरबारचे शिकारीचे रान होते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधायला घेतले आणि तिथल्या वसाहतीला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले. दरबारचा पहारा असल्याने ते रान कुऱ्हाडीपासून वाचले. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ साली दाजीपूर हे गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आज महाराष्ट्रात जे भूभाग आहेत, त्यांतले ते पहिल्या अभयारण्यांपैकी एक. पुढे १९८५ साली त्याची हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झाले. आज त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, त्यात कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीचेही नाव आहे.

म्हणजे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला जागतिक वारसा पाहायला लांब जावे लागत नाही. तो त्याच्या पाटाच्या पाण्यातून रोज शेतात येतो. भोगावती आणि दूधगंगा या नद्यांचे पाणी याच रानात मुरते आणि मग राधानगरी व काळम्मावाडीच्या धरणांत साठते. रान गेले तर डोंगरावरची माती धरणात येईल आणि पावसाचे पाणी चार महिन्यांतच समुद्राचा रस्ता धरील.

गव्याने ऊस खाल्ला, त्याचे काय?

इथे कुणीतरी म्हणेल, "अहो, गवे आमचा ऊस तुडवतात, आणि वर त्यांच्यासाठीच पैसे ठेवू म्हणता?" हा सवाल रास्त आहे. रात्रभर राखण करून सकाळी आडवे झालेले पीक पाहणाऱ्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. आजरा-चंदगडकडच्या मंडळींना तर गेल्या वीस-बावीस वर्षांत कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींनीही सळो की पळो केले आहे. सरकारी भरपाईसाठी कागद घेऊन हेलपाटे घालावे लागतात, ते वेगळेच.

पण जनावर शिवारात उतरते, त्याला कारण असते. उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटतात, वणव्यात गवत जळून जाते आणि ऊस बाराही महिने हिरवागार उभा असतो. तेव्हा रानातच पाणी आणि चारा राहील असे काम झाले, तर ते गव्याच्या हिताचे तितकेच ऊसवाल्याच्याही हिताचे. जाळरेषा काढणे, पाणवठ्यातला गाळ उपसणे, कुरणातले माजलेले तण काढणे या कामांना पैसा लागतो. बिनकठड्याच्या विहिरीत बिबट्या पडला, गवा पडला, अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. अशा विहिरीत उद्या आपले पोरही पडू शकते. गावातल्या दहा विहिरींना कठडे बांधावेत एवढे जरी एखाद्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले, तरी ते वन्यजीवांसाठीचेच दान झाले.

परमुलखातली एक शेतकरीण

बिऑट्रिक्स पॉटर नावाची एक इंग्रज लेखिका होऊन गेली. सशाच्या गोष्टी लिहून तिने नाव कमावले आणि पुस्तकांच्या पैशातून डोंगराळ भागात शेती घेतली. पुढे ती पक्की मेंढपाळ शेतकरीण झाली. त्या डोंगरातल्या हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या तिने निगुतीने वाढवल्या. १९४३ साली ती वारली, तेव्हा तिने मृत्युपत्राने चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिल्याचे दिसून आले. डोंगरावरच्या वाड्यांवर त्याच जातीच्या मेंढ्या ठेवाव्यात, अशीही तिची इच्छा होती. आज तो मुलूख शाबूत आहे आणि तिथे शेतकरी अजून मेंढ्या पाळतात.

आपल्याकडे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचे उदाहरण आहे. त्यांना १९७६ साली निसर्गरक्षणासाठी मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८७ साली ते गेले, पण निधी मागे राहिला.

कागद कसा करावा

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. लिहिणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा आणि ते करताना पाहणाऱ्या निदान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने लहान असलेले बरे. वय झालेले असेल, तर डॉक्टरचा दाखला सोबत जोडावा.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती करून ठेवलेली चांगली. पुढे कुणी "हा कागद खोटा" म्हटले तर उपयोगी पडते. हयात असेपर्यंत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, आणि शेवटचे असेल तेच खरे धरले जाते. आपल्या माघारी सर्व पार पाडणारा एक व्यवस्थापक नेमावा. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले असे समजू नये. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याची असते.

वडिलोपार्जित मिळकत एकत्र असेल, तर तुम्हाला फक्त तुमच्या हिश्शाविषयी लिहिता येते. २००५ पासून मुलींचाही त्यात मुलांइतकाच हक्क आहे, तो विसरू नये. मुसलमान बांधवांना साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते. आणि माताभगिनींनो, तुमच्या नावावरची मिळकत, तुमचे दागिने, तुमची ठेव यांचे मृत्युपत्र तुम्ही स्वतः करू शकता. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

दानाची ओळ मोघम नसावी. "प्राण्यांसाठी काही द्यावे" असे लिहिले तर पुढे कुणालाच उलगडा होत नाही. संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, रक्कम आणि काम लिहावे. उदाहरणार्थ: "माझ्या बँकेतील ठेवींपैकी शंभरातले पाच रुपये अमुक नोंदणीकृत संस्थेस रानातील पाणवठ्यांच्या कामासाठी द्यावेत, ती संस्था त्या वेळी नसल्यास त्याच कामाच्या तमुक संस्थेस द्यावेत." आधी संस्थेत जाऊन तिचे काम आणि हिशेब पाहावेत. मृत्युपत्रानेच नवा न्यास काढायचा असेल, तर व्यवस्थापकाने मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो, हे त्याला सांगून ठेवावे.

जमीन द्यावी का?

इथे जपून पाऊल टाकावे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर कूळकायद्याचे बंधन आहे. गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निकाल दिला, की हे बंधन मृत्युपत्रालाही लागू आहे. तो कायदा मुळात मुंबई राज्याचा १९४८ चा, म्हणजे आपल्या कायद्याचे मूळही तेच. म्हणून संस्थेच्या नावे रान लिहून ठेवण्याआधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. साध्या शेतकऱ्याने जमीन मुलाबाळांना ठेवावी आणि दान रोख रकमेचे, ठेवीचे किंवा सोन्याचे करावे, हे सोपे. डोंगरकडेची पड जमीन वन्यजीवांसाठी राखायची इच्छा असेल, तर वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय आहे. मालकाने आपखुशीने पुढे यावे लागते, म्हणून ते हयातीतच केलेले बरे.

माळ्यावरची शिंगे

जुन्या वाड्यांतून गव्याची शिंगे, सांबराचे मुंडके, वाघाचे कातडे भिंतीवर दिसते. ही वस्तू विकता येत नाही, कुणाला भेट म्हणूनही देता येत नाही. मालकीचा दाखला असेल तर ती वारसाला मिळू शकते, पण वारसाने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. ती ठेवायची नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार सरकारजमा करता येते. दाखला नसेल तर वकिलाला आधी विचारावे. नाहीतर आजोबांची हौस नातवाच्या गळ्यात पडायची.

आधी घर, मग रान

शेवटी एक सांगणे. दान करायचे म्हणून म्हातारीच्या औषधपाण्याला किंवा नातीच्या शिक्षणाला कात्री लावू नये. आधी घराची सोय, मग उरल्यातून दान. आणि जे काही लिहाल ते मुलाबाळांना जवळ बसवून आधी सांगा. न सांगता केलेले दान वारसांना चोरीसारखे वाटते आणि मग कोर्टकचेऱ्या होतात. सांगून केलेल्या दानाला घरच राखण करते.

सुगी आटोपली, गुऱ्हाळे थंडावली, की घरात चार निवांत संध्याकाळी मिळतात. त्यातल्या एका संध्याकाळी सातबारा, ठेवींच्या पावत्या, दागिन्यांची यादी पुढ्यात घ्या, घरधनिणीला आणि मुलांना बोलवा आणि कच्चा मसुदा लिहून काढा. दानाची रक्कम हजाराची असो वा लाखाची, ती घरातल्या सर्वांना ठाऊक असू द्या.