धावा, सरासरी आणि मोठेपण

कर्नल सी. के. नायडू सात कसोटी सामने खेळले. त्यांत धावा ३५०, सरासरी बरोबर २५. विनोद कांबळी सतरा कसोटी खेळले. धावा १,०८४, सरासरी ५४.२०. फक्त सरासरीवर भिस्त ठेवली तर कांबळी नायडूंच्या दुपटीहून मोठे ठरतात, आणि सुनील गावसकर (५१.१२) व सचिन तेंडुलकर (५३.७८) यांच्याही वर जाऊन बसतात. असे म्हणणारा क्रिकेटरसिक शोधूनही सापडणार नाही. म्हणजे खेळाडूचे मोठेपण ठरवताना प्रत्येक जण आकड्याच्या जोडीला आणखी काहीतरी मोजत असतो. ते काय, यावरच कट्ट्यावरचे आणि चहाच्या टपरीवरचे सगळे वाद चालतात.

कांबळींचा आकडा थोडा उकलून पाहिला की त्यातली मेख कळते. सरासरी म्हणजे एकूण धावांना बाद झालेल्या डावांनी भागणे. कांबळी २१ डाव खेळले, त्यांत एकदा नाबाद राहिले. १,०८४ भागिले २० म्हणजे ५४.२०. यातल्या ४५१ धावा १९९३ मधल्या लागोपाठच्या दोन कसोटींतल्या आहेत: इंग्लंडविरुद्ध मुंबईत २२४ आणि झिम्बाब्वेविरुद्ध दिल्लीत २२७. हे दोन डाव बाजूला काढले तर उरलेल्यांची सरासरी ३५ वर येते. त्या दोन द्विशतकांची किंमत याने कमी होत नाही. मात्र थोड्या डावांची सरासरी एकदोन खेळींनी कशी फुगते, आणि कसोटी कारकीर्द वयाच्या तेविसाव्या वर्षीच आटोपली की उताराचे डाव हिशेबात येतच नाहीत, हे दिसते.

नायडूंचा हिशेब नेमका उलटा आहे. ३१ ऑक्टोबर १८९५ ला नागपुरात त्यांचा जन्म झाला. भारताला पहिली कसोटी मिळाली ती जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. त्या दिवशी भारताचे कर्णधार असलेले नायडू छत्तीस वर्षांचे होते. ज्या वयात बहुतेक फलंदाज बॅट खुंटीला टांगतात, त्या वयात त्यांच्या कसोटीच्या धावा मोजायला सुरुवात झाली. त्यांचा खरा भर त्याआधीचा. १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा केल्या, त्यांत अकरा षटकार होते. त्या खेळीला कसोटीचा शिक्का नाही. पण भारतीय संघ कसोटी खेळण्याच्या तोडीचा आहे, हे पटवून देण्यात तिचा वाटा मोठा होता.

पांढुर्णा-सौसरच्या लोकांना हे नाव दोन्ही बाजूंनी जवळचे आहे. नायडू वाढले नागपुरात आणि त्यांची पुढची कारकीर्द घडली इंदूरला, होळकरांच्या आश्रयाखाली. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा निघालेला पांढुर्णा जिल्हा या दोन शहरांच्या ओढीतच नांदतो. राज्य मध्य प्रदेश, त्यामुळे क्रिकेटची संघटना तिकडची. बाजारहाट, कॉलेज, दवाखाना मात्र नागपूरचा. १९५६ पर्यंत तर राज्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे मोठा खेळाडू ‘आपला’ की ‘त्यांचा’ हा प्रश्न इथे सरहद्दीच्या रेषेने सुटत नाही, आणि तुलनेच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. निम्मे वाद गावाच्या अभिमानापायी बिघडतात.

मराठी मुलखात अशा तुलनेचा सर्वांत जुना आणि सर्वांत रंगलेला वाद दोन विजयांचा: विजय मर्चंट की विजय हजारे? मर्चंट मुंबईचे, हजारे सांगलीत जन्मलेले आणि बडोद्याकडून खेळणारे. कसोटीतली सरासरी एकाची ४७.७२, दुसऱ्याची ४७.६५, म्हणजे फरक नसल्यातच जमा. पण मर्चंट यांच्या वाट्याला अठरा वर्षांत अवघ्या दहा कसोटी आल्या, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध. मधली ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली. हजारे तीस कसोटी खेळले आणि त्यांनी सात शतके केली. त्यांतली दोन जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या एकाच कसोटीत, लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यासमोर: ११६ आणि १४५. भारत तो सामना डावाने हरला.

युद्धाच्या काळात कसोटी बंद असताना ही चुरस मुंबईच्या, धर्मवार संघांच्या पंचरंगी स्पर्धेत उतरली. १९४३ साली या स्पर्धेतला सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम या दोघांत हातोहात फिरला. हजारे यांनी २४८ धावा केल्या. मग ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० केल्या आणि संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. हजारे ख्रिस्ती असल्याने ‘इतर’ म्हणजे रेस्ट संघात होते. तो संघ १३३ धावांत गुंडाळला गेला, फॉलोऑन मिळाला, आणि दुसऱ्या डावात हजारे यांनी एकट्याने ३०९ धावा केल्या. संघाची धावसंख्या होती ३८७. बाकीचे दहा जण आणि अवांतर मिळून ७८. सहाव्या गड्यासाठी भाऊ विवेक हजारे यांच्यासोबत ३०० धावांची भागी झाली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. धावांपेक्षाही, एक बाजू धरून उभे राहण्याची ती कामगिरी होती. तरीही ‘इतर’ संघ डावाने हरला.

मर्चंट यांच्या विरोधात एक नेहमीचा मुद्दा काढला जातो: रणजी स्पर्धेतली त्यांची ९८.७५ ची सरासरी ब्रेबॉर्नच्या पाटा खेळपट्टीवरची आणि युद्धकाळातल्या साध्या गोलंदाजीवरची आहे. मुद्दा रास्त आहे, आणि तो तपासूनही पाहता येतो. फलंदाजाला घरच्या अंगणातून उचलून परक्या हवेत ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात, ओलसर हवेत आणि उघड्या खेळपट्ट्यांवर, मर्चंट यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. त्या वेळी ते पस्तिशीला टेकले होते. एवढ्यावर पाटा खेळपट्टीचा आक्षेप गळून पडतो. तंत्रशुद्धतेत मर्चंट यांना झुकते माप द्यावे आणि पडत्या संघाचा भार वाहण्यात हजारे यांना, हाच निकाल पुराव्याला धरून आहे.

समोर कोण होते, याचा विचार न करता घेतलेला आकडा किती फसवा असतो आणि तरीही किती मोलाचा, याचे उदाहरण कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. प्रथम श्रेणीतला त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काठियावाडच्या संघाने सामना सोडून दिला, कारण त्यांना आणखी मार खायचा नव्हता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती हे खरे. पण ती सगळ्यांनाच तशी मिळत होती. नाबाद ४४३ एकट्या निंबाळकरांच्याच झाल्या. त्यांना एकही कसोटी मिळाली नाही.

वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना आणखी अवघड. गावसकर की तेंडुलकर, हा घराघरातला वाद. गावसकर १९७१ ते १९८७ या काळात १२५ कसोटी खेळले, सलामीला, हेल्मेट न घालता. त्यांच्या बाजूने हमखास निघणारा मुद्दा वेस्ट इंडिजविरुद्धच्या तेरा शतकांचा. मात्र या तेरा शतकांची फोड करायला हवी. चार शतके १९७१ ची, जेव्हा कॅरिबियन वेगवान तोफखाना अजून उभाच राहिला नव्हता. चार १९७८-७९ ची, जेव्हा केरी पॅकर यांच्या खासगी स्पर्धेमुळे वेस्ट इंडिजचे अव्वल खेळाडू आलेच नव्हते. उरली पाच: दोन १९७६ च्या दौऱ्यातली, आणि तीन १९८३ मध्ये होल्डिंग, मार्शल यांच्या ऐन भरातली. त्यांतले एक दिल्लीतले घणाघाती १२१ आणि एक मद्रासचे नाबाद २३६. तेरा या आकड्यापेक्षा ही पाच शतकेच गावसकरांचे मोठेपण जास्त भक्कमपणे सांगतात.

तेंडुलकर वयाच्या सोळाव्या वर्षी कराचीत इम्रान, वसीम आणि वकार यांच्यासमोर उभे राहिले आणि चोवीस वर्षांत २०० कसोटी खेळले. त्यांच्या १५,९२१ धावा आणि ५१ शतके पाहताना कसोटींची संख्या ध्यानात ठेवावी लागते. त्याच वेळी ४६३ एकदिवसीय सामन्यांचा ताणही. ग्वाल्हेरला २४ फेब्रुवारी २०१० रोजी, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक त्यांनी केले तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. दोन काळांत पूल बांधायचा तर एकच रास्त पद्धत उरते: प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या, तेच गोलंदाज आणि त्याच खेळपट्ट्या वाट्याला आलेल्या इतरांशी ताडून पाहायचे. या कसोटीला ब्रॅडमन सर्वांत उंच ठरतात. ९९.९४ हा आकडा थोर आहेच, पण त्यांच्या काळातला किंवा नंतरचा दीर्घ कारकिर्दीचा कोणीही त्याच्या जवळपास पोचलेला नाही, हे जास्त थोर.

अमेरिकेत बेसबॉलचे चाहते हाच वाद दीडशे वर्षे घालत आले आहेत, आणि त्याचे मूळही क्रिकेटमध्येच आहे. हेन्री चॅडविक हे इंग्लंडमध्ये जन्मलेले पत्रकार न्यूयॉर्कला क्रिकेटचे वृत्तांत लिहीत. त्यांनी क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त बेसबॉलला लावली. पुढे तिथे आकडेमोड इतकी वाढली की मैदानाचा आकार, त्या हंगामातल्या एकूण धावा, क्षेत्ररक्षण असे सगळे गणितात धरून, साध्या बदली खेळाडूऐवजी हा खेळाडू असल्याने संघाला किती सामने जास्त जिंकता आले, असा एकच आकडा काढतात. तरी सर्वांत मोठी दुरुस्ती गणिताने झाली नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत प्रमुख लीगमध्ये मज्जाव होता. त्यांच्या लीग वेगळ्या असत. २०२४ मध्ये त्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदीत धरली गेली आणि कारकिर्दीच्या सरासरीत जॉश गिब्सन हे टाय कॉब यांच्या पुढे गेले. गिब्सन १९४७ च्या जानेवारीतच वारले होते.

आपल्याकडे याला जोड आहे ती पळवणकर बाळू यांची. डावखुऱ्या फिरकीचा हा दलित गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यावर मैदान राखायचे काम करता करता इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकू लागला. हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण चहा त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच नीट मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले. कसोटीच्या नोंदीत बाळूंचे नाव नाही, कारण भारताची पहिली कसोटीच एकवीस वर्षे पुढे होती. भारतातल्या थोर फिरकी गोलंदाजांची यादी बिशनसिंग बेदींपासून सुरू करणारा माणूस ती अर्ध्यातून वाचतो.

बेदींच्याच काळात मुंबईत पद्माकर शिवलकर होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, प्रत्येकी १९.६९ धावांत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मद्रासला त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. कसोटी शून्य, कारण डावखुऱ्या फिरकीची एकच जागा होती आणि ती बिशनसिंग बेदींकडे होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचेही तेच झाले. महिला क्रिकेटमध्ये तर संधीचीच टंचाई: मिताली राज यांच्या जवळजवळ वीस वर्षांच्या कसोटी कारकिर्दीत सामने बाराच. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांचे १९ कसोटींत ६० बळी आहेत. एवढ्याच संधीत पुरुष गोलंदाजाने ते घेतले असते तर त्याचे नाव शाळकरी पोरांच्या तोंडी असते.

काही मोठेपण खेळाडूच्या स्वतःच्या रकान्यात उतरतच नाही. एकनाथ सोलकर यांची फलंदाजीतली सरासरी २५ च्या आसपास. पण शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर, हेल्मेटशिवाय उभे राहून त्यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. धावफलकावर बळी बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन यांच्या नावावर लागले.

चंद्रकांत पंडित यांचेही असेच. पाच कसोटी, १७१ धावा, एवढीच त्यांची खेळाडू म्हणून कसोटीतली नोंद. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी आधी मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला, मग विदर्भाला लागोपाठ दोनदा. त्यांतला पहिला, १ जानेवारी २०१८ चा, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला हरवून. २०२२ मध्ये त्यांच्याच हाताखाली मध्य प्रदेशने मुंबईला नमवून पहिल्यांदा करंडक घेतला. मार्च २०२४ मध्ये नागपुरात विदर्भ आणि मध्य प्रदेश उपांत्य सामन्यात समोरासमोर आले आणि विदर्भाने ६२ धावांनी सामना जिंकला, तेव्हा दोन्ही बाजूंना पंडितांच्या तालमीत तयार झालेले खेळाडू होते.